हिच्या नंबरावर गेलेला कोड

मी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बारा मजल्यांच्या पोकळीत लटकून वंगण घातलंय. त्यामुळे नवा कॉम्प्युटर घरी आला तेव्हा मी मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं, माणूस बोलवायचा नाही. तासाभरात लावतो, आणि सुरक्षेचे सगळे नियम पाळून लावतो!

मुलगी लांब असते. वीजबिल भरायला कॉम्प्युटर हवा, असं मी तिला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं. आमची ही जाऊन नऊ महिने झाले. तिचे एकेचाळीस फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये आहेत, पण त्यात ती अंगठ्याएवढी दिसते. मोठं करायला बोटं लावली की फोटो सरकतो आणि भिंत दिसते. त्यातल्या एकात ती ओठ मिटून माझ्याकडे बघून हसतेय. ते हसू मला मोठं करून बघायचं होतं. मोबाईलच्या दुकानदाराने सगळे फोटो पेनड्राइव्हवर घालून दिले होते.

पहिला नियम, विजेला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. केला. खिडकीचं ऊन, नळाचं पाणी, पडद्याची झुळूक, सगळ्यांपासून लांब टेबल लावलं. वायरी जोडल्या, प्रत्येक दोनदा ओढून बघितली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. सगळ्या वायरी काढून परत लावल्या. शेवटी कंपनीच्या मदत केंद्राला फोन करून त्यांचा माल कसा फालतू आहे ते दहा मिनिटं ऐकवलं. पलीकडच्या माणसाने अतिशय नम्रपणे विचारलं, घरात वीज आहे ना?

मी फोन ठेवला आणि मेन चालू केला.

मग कॉम्प्युटरचा पडदा उजळला आणि प्रश्न विचारायला लागला. पासवर्ड द्या. चार दिले, चारही कमजोर निघाले. पाचवा रागाने वाटेल ते बडवून केला, तो आवडला. (कागदावर लिहून ठेवलाय. कुठे, ते सांगणार नाही.) मग सुरक्षेसाठी मोबाईल नंबर मागितला. मी दिला. कोड पाठवला आहे, तो इथे भरा, असं आलं.

मी फोन हातात घेऊन बसलो. कोड येईना. पुन्हा मागवला, तरी येईना. अंदाजाने एक ते सहा आकडे भरले, मग उलटे भरले. पडद्यावर आलं, आता एकच संधी उरली आहे. तेव्हा कुठे मी वर लिहिलेला नंबर नीट वाचला.

नंबर हिचा होता.

गॅस, बँक, दवाखाना, घरातल्या प्रत्येक फॉर्मवर हिचाच नंबर असायचा. मी लिफ्टच्या पोकळीत, तिथे फोन लागायचा नाही. हात सवयीने तेच आकडे टाइप करून मोकळा झाला होता. तो नंबर आम्ही कधीच बंद केला होता. म्हणजे कोड गेला कुठे?

नऊ महिन्यांत मी तो नंबर लावला नव्हता. लावला. एका बाईने उचलला. मागे दहा-बारा पोरं एकदम रडत होती. ती पाळणाघर चालवते हे नंतर कळलं. मी म्हटलं, बाई, तुमच्या फोनवर एक कोड आला असेल, तेवढा सांगा.

तिने फोन कापला. बरोबरच केलं. मी परत लावला.

"काका, आवाज तर चांगल्या घरातल्या माणसाचा आहे. या वयात हे धंदे?"

"मी चोर नाही."

"चोर असंच म्हणतात."

"हा नंबर माझ्या बायकोचा होता."

"मग द्या त्यांना फोन."

"ती नाही आता. वारली."

हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगायच्या आधी सगळ्यांना माहीत असायचं. पलीकडे एक पोर हुंदके देत होतं, तिने त्याला थोपटल्याचं ऐकू आलं. मग तिने हळूच विचारलं, "ब्लाउज शिवायच्या का त्या?"

झालं असं, की नंबर घेतल्यापासून तिला बायकांचे फोन येत होते. बाही सैल करून द्या, गळा मागच्यासारखाच ठेवा. राँग नंबर म्हटलं तरी काहीजणी ठेवायच्या नाहीत, बोलत राहायच्या. एक म्हणाली, त्या माप घेताना पोट आत ओढू द्यायच्या नाहीत, कापडाशी खोटं बोलू नये म्हणायच्या. एक आजी दर महिन्याला विचारतात, झाला का माझा ब्लाउज? पाळणाघरवाली सांगते, होतोय.

मी म्हटलं, अजून काय म्हणतात? ती सांगत गेली. मी विचारत गेलो.

तिकडे माझा फोन पाऊण तास लागेना, म्हणून मुलीची खात्री पटली की बाबांना शॉक बसला. तिने शेजाऱ्यांना कळवलं. शेजारी रबरी चपला घालून, मला वायरीपासून सोडवायला लाकडी काठी घेऊन दार बडवायला लागले. उघडलं तर माझे डोळे लाल. ते बघून त्यांनी काठी उगारलीच! फोनवरच्या बाईने घाईघाईने कोड वाचला, मी टेबलापर्यंत मागे सरकलो आणि फोन खांद्याशी दाबून, एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने भरला.

या कोडची मुदत संपली आहे. चोवीस तासांनी प्रयत्न करा.

दुसऱ्या दिवशी पोरं झोपायच्या वेळेला नवा कोड मागवला आणि बाईला फोन केला. तिने हॅलोच्या आधी आकडे सांगितले. कॉम्प्युटर उघडला. पेनड्राइव्ह लावला, तो हसरा फोटो शोधला, आणि ही पडदाभर समोर आली.

ती हसत नव्हती. मिटलेल्या ओठांत चार टाचण्या होत्या. फोटो काढलेला तिला अजिबात खपायचा नाही, म्हणून तोंड बंद असताना मी घाईने टिपला असणार. आणि डोळे! या टाचण्या काढू देत, मग बघते तुमच्याकडे, असे डोळे. नऊ महिने मी त्याला हसू समजत होतो.

मी खुर्ची पुढे ओढली आणि बोलणी खायला बसलो.