बहुमताने काढून टाकलेले चार हजार तीनशे अकरा डोळे

आपल्यावर कोण पाळत ठेवतंय हे कळायचं असेल, तर आपल्यावर सतत पाळत ठेवणारं एक विश्वासू कुणीतरी हवं, हे सुरक्षेचं पहिलं तत्त्व आहे. (दुसरं तत्त्व अटींच्या चौदाव्या पानावर आहे. तिथवर अद्याप कुणी पोचलेलं नाही.)

या तत्त्वानुसार माझ्या काकांनी आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या संगणकावर हेरगिरीविरोधी प्रोग्राम बसवला. संगणक हळू चालत होता, तेव्हा कुणीतरी हेरगिरी करत असणार, हा तर्क उघड होता. काका काचा घासून फ्रेममध्ये बसवतात, त्यामुळे हेरांना रस वाटावा असं दुकानात बरंच आहे.

प्रोग्राम बसताच एक चौकट उघडली : ‘आमच्या वापरकर्ता अभिप्राय मंडळाचे सभासद व्हाल का?’ खाली दोन पर्याय. ‘हो’ आणि ‘नंतर विचारा’. ‘नाही’ हा पर्याय लोकांना नको आहे असं पाहणीत आढळल्यामुळे वगळण्यात आला. (वगळल्यापासून तो एकानेही निवडलेला नाही, यावरून पाहणी अचूक होती हे सिद्ध होतं.)

“अगं, मला सभासद करून घेतायत!” काका आतल्या खोलीकडे बघून ओरडले. आत काकू गिऱ्हाइकांचे डोळे तपासतात.

“तुम्हाला? कशाचे?”

“अभिप्राय मंडळाचा. आपलं मत विचारणार म्हणे ते.”

“विचारू देत बिचारे. खालून दुसरी ओळ वाचा.” (हे गिऱ्हाइकाला.)

काकांचं मत यापूर्वी एकदाच विचारलं गेलं होतं, ते म्हणजे बोहल्यावर चढण्याआधी, आणि तेही उशिरा. त्यामुळे त्यांनी ‘हो’ दाबलं. सोबत ‘शंका असल्यास बहुमताशी सहमत’ या ओळीपुढची खूण आधीच केलेली होती, तेवढाही त्रास पडला नाही.

सभासदत्वाचे फायदे अनेक आहेत. संगणकात काय काय आहे ते मंडळाला कळतं. अनोळखी काही सापडलं की आपण ‘राहू द्या’ किंवा ‘काढा’ असं मत देतो, आणि किती टक्के लोकांनी काय म्हटलं ते बघून पुढचा सभासद विचार करण्यापासून वाचतो. पहिल्या आठवड्यात काकांनी एकोणीस प्रोग्रामांवर मत दिलं. एकोणीसच्या एकोणीस वेळा ‘काढा’. त्यातला एक प्रिंटर चालवणारा होता. प्रिंटर तेव्हापासून कुंडी ठेवायला फार सोयीचा झालाय.

मंगळवारी चौकट आली : ‘अनोळखी प्रोग्राम सापडला. जगात फक्त याच संगणकावर आहे.’

आता हा प्रोग्राम काकूंनी लिहिलेला होता. अकरा वर्षं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, पुस्तकात बघून बघून. त्यात दोन हजार एकशे छप्पन्न गिऱ्हाइकांच्या चार हजार तीनशे अकरा डोळ्यांचे नंबर होते. (एकाचा एक डोळा काचेचा आहे.) आणि नंबरांपुढे काकूंच्या टिपा : ‘नाकावर व्रण, हलकी फ्रेम द्यावी’. ‘तक्ता पाठ करून येतो, उलटा टांगावा’. ‘नंबर वाढलाय, सुनेसमोर बोलू नये’. काकूंच्या हाताखालून गेलेलं सगळं गाव त्यात होतं.

काकांनी त्या प्रोग्रामला कधी हात लावला नव्हता, त्यामुळे त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सावधगिरी म्हणून ‘काढा’ असं मत दिलं. लगेच विचारणा झाली : ‘नक्की काढायचा? मत दिलेल्यांपैकी शंभर टक्के सभासद म्हणतात, काढा.’

काकांच्या मनात थोडी शंका होती, ती इथे फिटली.

“अगं, शंभर टक्के लोक म्हणतायत काढा!”

“किती लोक?”

“ते नाही लिहिलेलं. पण शंभर टक्के म्हणजे पुष्कळच असणार.”

मत देणारे काका एकटेच होते. प्रोग्राम गेला.

अर्ध्या तासाने काकू बाहेर आल्या, संगणकासमोर बसल्या आणि एकेक चौकट उघडून बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “अहो, माझे सगळे डोळे कुठे गेले?”

सुदैवाने संशयित प्रोग्रामची प्रत तपासणीसाठी कंपनीकडे आपोआप जाते. काकूंनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर तत्परतेने आलं : ‘आपल्या माहितीची प्रत आमच्याकडे संपूर्ण सुरक्षित आहे. सदर माहिती खाजगी असल्यामुळे ती आपल्याला दाखवता येत नाही.’

काकू पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसल्या. काकांनी चार महिने एकेका गिऱ्हाइकाला फोन करून पुन्हा तपासणीला बोलावलं, दाराशी उभं राहून प्रत्येकाची क्षमा मागितली, आणि स्वतःचं मत असं एकदाही दिलं नाही. जेवणात मीठ कमी आहे का, यावरसुद्धा “तू म्हणशील तसं”.

नवा प्रोग्राम तयार झाला. काकूंनी तो चालू केला. चौकट आली : ‘हा प्रोग्राम ३१,२०६ सभासदांनी नाकारला आहे. दहा सेकंदांत काढण्यात येईल.’

काकांचा हात सवयीने पुढे गेला.

“हात मागे घ्या,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी इंटरनेटची वायर भिंतीतून उपटली. वायरसोबत थोडी भिंतही आली. डोळे वाचले.

राहता राहिला हिशेब त्या एकतीस हजार दोनशे सहा जणांचा. काकूंचा प्रोग्राम त्यांच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. काका सोडून बाकीच्यांनी फक्त ती आधीच केलेली खूण तशीच राहू दिली, आणि तेव्हापासून ते बहुमताशी सहमत आहेत. त्यांत तुम्हीही आहात. नाही म्हणू नका. ती चौकट तुमच्याकडेही उघडली होती आणि तुम्हीही घाईत ‘हो’ दाबून चहा घ्यायला गेला होतात.

काकूंचा तुमच्यावर राग नाही. त्या म्हणतात, चौकटीतली अक्षरं दिसली नसतील तर दुकानात या, डोळे तपासून देते. दिसत असूनही वाचली नसतील, तर येऊ नका. त्याला आमच्याकडे चष्मा नाही.