कंट्रोलरसाहेबांचं अंगणातलं विमान

आमच्या दिग्रसला विमानतळ नाही, पण विमान आहे. ते वासुदेवरावांच्या अंगणात असतं. प्लास्टिकच्या बारा खुर्च्या, तीन इकडे तीन तिकडे, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि प्रत्येक खुर्चीला खाटेच्या निवारीचा पट्टा. ज्याला पहिल्यांदा विमानानं जायचं आहे, त्यानं आधी इथं येऊन बसायचं. फी नाही. उलट चहा मिळतो, फक्त तो पट्टा बांधून प्यावा लागतो.

वासुदेवराव एसटीत होते. निवृत्त झाले तेव्हा इथल्याच बसस्थानकावर कंट्रोलर होते. कोणती गाडी कुठे लागली ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. गाव अजून त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणतं. पोरं पुण्या-बंगलोरला नोकरीला लागली, तिकडून आईबापांची तिकिटं मोबाइलवर येऊ लागली, आणि धास्तावलेले आईबाप साहेबांच्या अंगणात येऊ लागले. गंमत म्हणजे साहेब स्वतः एकदाही विमानात बसलेले नाहीत. ते हे लपवतही नाहीत. कोणी टोकलंच तर म्हणतात, "मी एसटी तरी कुठी चालवली होती?"

मग हा माणूस एवढं शिकला कुठे? मी शेजारीच राहतो आणि पेशानं मास्तर आहे, त्यामुळे मला नसत्या चौकशा फार. लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, की जो विमानानं जाऊन येईल त्याला साहेब गाठतात आणि तासभर सोडत नाहीत. पट्टा कोणत्या बाजूनं सुटतो, संडासातलं पाणी कसं सोडायचं, कानाला दडे बसले ते चढताना की उतरताना. सगळं वहीत. दिग्रसहून गेलेला माणूस परतला की घरच्यांच्या आधी साहेबांना भेटतो, असं गावात गमतीनं म्हणतात.

त्यांचा तास बघण्यासारखा असतो. चपला, घड्याळ, कमरेचा चांदीचा करदोडा, सगळं काढून परातीत ठेवायचं. मग दोन कडुनिंबांच्या मधून हात वर करून जायचं. साहेब दारात उभे राहून दोन्ही हात पसरतात आणि गंभीरपणे सांगतात, "संकटकाळी बाहेर पडाचे दोन रस्ते. एक फाटकाकडून, एक न्हाणीकडून." पुढे त्यांचं नेहमीचं वाक्य येतं, "पाशिंजरनं भ्यावं नाही. भ्याची ड्युटी डायवरची."

सरकत्या जिन्याची मोठी पंचाईत होती. तसला जिना आमच्याकडे कुठून आणणार? साहेबांनी त्यावर बैलबंडी काढली. बैल हळूहळू चालत राहतात आणि मागून पाशिंजरनं बंडी न थांबवता चढायचं आणि न थांबवता उतरायचं. शेतातल्या बाया यात पहिल्या फटक्यात पास होतात. नापास झालेत ते दोन बँक मॅनेजर.

एकदा तांड्यावरची एक म्हातारी आली. नात हैदराबादला नर्स होती, तिच्याकडे जायचं होतं. अंगावर चांदीच चांदी, त्यातली निम्मी केसांत गुंफलेली. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आईला याडी म्हणतात. साहेब तिला म्हणाले, "याडी, काही काढू नोको. मशीन वाजीन, वाजू दे. बाई पोलीस राहते, ते आडोश्याले नेऊन पाहीन. त्यात लाजाचं काही नाही. फक्त एक तास अगोदर जाजो." म्हातारी गेली, वाजली आणि सुखरूप परत आली.

एवढा कळवळा असूनही साहेबांचा एक नियम होता. नागपूरच्या विमानतळावर यायचं नाही. पाशिंजरला दिग्रसमधून गाडीत बसवलं की त्यांचं काम संपलं. "नागपूर मले जमत नाही," एवढंच म्हणायचे. काहून जमत नाही, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मागच्या फेब्रुवारीत माझ्या बहिणीचे दिवस भरत आले. ती बंगलोरला, जवळ बाईमाणूस कोणी नाही. मला परीक्षेची ड्युटी, म्हणून आईनं एकटीनं जायचं ठरलं. साहेबांनी आठ दिवस तिची तालीम घेतली. समोरच्या अडत्याच्या काट्यावर बॅग तोलली, तेल असतं म्हणून सुकं खोबरं जप्त केलं, लोणचं मोठ्या बॅगेत हलवलं. बंडीवर आई पहिल्याच दिवशी चढली. पण निघायच्या आदल्या दिवशी ती हटून बसली.

"भाऊजी नागपूरले येत असतीन तं मी जाते. नाही तं नाही."

साहेब म्हणाले, "वहिनी, सर आहेत ना सोबत."

"त्याले काय समजते?" आई म्हणाली. माझ्यावर तिचा हा विश्वास लहानपणापासून आहे.

साहेब वही मिटून उठले. रविवारी सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी हजर झाले.

विमानतळावर आई आत गेली, काचेतून हात हलवून दिसेनाशी झाली. मी वळून पाहिलं तर साहेब बाहेरच्या एका बाकापाशी उभे. बाकावर म्हातारा-म्हातारी डबा उघडून बसले होते.

"कोण्या गावचे?" साहेबांनी विचारलं.

"राजूरचे. विमान लागाची वाट पाहून राह्यलो."

"दादा, इथी कोणी आवाज देत नाही. आत जा लागते. उठा, डबा आत खाजा."

त्यांची पिशवी उचलून साहेब त्यांना दारापर्यंत पोचवून आले आणि त्याच बाकावर बसले.

"सर, याच बाकावर आम्ही तीन तास बसलो होतो," ते म्हणाले. "मी अन् हे."

'हे' म्हणजे सुमनकाकू, त्यांची पत्नी. जाऊन सहा वर्षं झाली.

"पोरानं दोघायचं तिकीट पाठवलं होतं. नातू झाला होता त्याले. तीन तास अगोदर आलो. मी म्हणलं, आवाज येऊ दे, मंग उठू. हे म्हणे, अवो, विचारून तं पाहा कोणाले. दोनदा म्हणे. मी म्हणलं, मले शिकवतं काय? सारी नोकरी मी हेच केलं, गाडी लागली की सांगतेतच." ते थांबले. "विमान निघून गेलं, सर. ज्यानं जिंदगीभर गाड्या लावल्या, त्याचीच गाडी सुटली."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"पोराचा फोन आला तं माह्या तोंडून शब्द निघेना. हिनं फोन घेतला अन् म्हणे, मले चक्कर आली बाबू, म्हून राह्यलो. गावातही तेच सांगतलं सगळ्याइले. माह्यावर नाव येऊ देल्लं नाही. पुढल्या टायमाले जाऊ, म्हणे. मंग त्याच साली हे गेली, पुढचा टाईम आलाच नाही. हिचा नातू पाहाचा राहूनच गेला."

"अन् पोराला?"

"त्याले अजून तेच वाटते. मायले चक्कर आली म्हून."

एवढी वर्षं मी या माणसाची गंमत सांगत फिरत होतो, याची मला शरम वाटली.

तेवढ्यात आईचा फोन आला. विमानात बसली होती, पट्टा बांधला होता, शेजारची मुलगी चांगली होती. साहेबांनी हात पुढे केला, मी फोन दिला.

"वहिनी, जागा कुठी भेटली? खिडकीपाशी?" पलीकडून आई काहीतरी म्हणाली. "खाली पाहाले भेव वाटते? पाह्यजा थोडसं. हिचीबी खिडकीच होती." साहेबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "काय काय दिसते ते ध्यानात ठेवजा, वहिनी. वापस आल्यावर मले सांगजा."