थिबोबाईंच्या दाढेचा ठराव

कोणत्याही समाजाचे पोटापाण्याचे प्रश्न एकदा सुटले की त्याला आवडीनिवडीचे प्रश्न पडू लागतात, आणि ते पहिल्यांपेक्षा फार अवघड असतात. व्हरमाँट राज्यातलं आमचं ईस्ट हॅरोबी हे गाव या अवघड टप्प्यावर येऊन बरीच वर्षं झाली. गावात छप्पर शाकारणारा मिळत नाही, नळ गळला तर बादली लावायची, आणि न्हावी महिन्यातून एकदा नदीपलीकडून येतो. पण बिअरच्या भट्ट्या सात आहेत. म्हणजे दर दीडशे माणसांमागे एक. (यात तान्ही मुलंही धरली आहेत. ती सध्या पीत नाहीत, पण आमच्या विकास समितीने त्यांची नोंद 'भावी ग्राहक' अशी केली आहे.)

मी गावचा क्लार्क. परवान्यावर शिक्का माझाच बसतो, त्यामुळे ही प्रगती मी जवळून पाहिली. पहिली भट्टी जुन्या बँकेत निघाली. दुसरी अग्निशमन ठाण्यात. (बंब हल्ली बाहेर पावसात उभा असतो, पाण्याची त्याला सवय आहे.) तिसरी चर्चमध्ये निघाली आणि रविवारची उपस्थिती लक्षणीय वाढली. भट्टी काढणाऱ्यांत एक भूमितीचे मास्तर होते, दोन वकील होते, एक प्लंबर होता. नोकरीधंदा सोडताना प्रत्येकाने कारण एकच दिलं : मनाचा कौल घेतला. मनाने अजून कौल दिलेला नाही असे गावात चार-पाच जण आहेत. लोक त्यांच्याशी सहानुभूतीने वागतात.

सातवी भट्टी डॉक्टर कर्टिस प्रॅट यांची. कर्टिस गावातला एकमेव दातांचा डॉक्टर होता. हात हलका, निदान अचूक. पण एके दिवशी त्याने दवाखान्याची पाटी उतरवली, तपासणीच्या खोलीत तांब्याच्या टाक्या बसवल्या आणि नवी पाटी लावली : 'अक्कलदाढ'. मी परवाना द्यायला गेलो तेव्हा सहज विचारलं, तर म्हणाला, "इतकी वर्षं झाली, एक माणूस माझ्या दारातून आनंदाने आत आला नाही. मलाही वाटतं, कुणीतरी मला बघून हसावं."

यावर गावाच्या नियमावलीत काही तरतूद नव्हती. मी शिक्का मारला.

दात काढायची खुर्ची त्याने खिडकीशी तशीच ठेवली. पायाने दाबलं की ती वरखाली होते. बोस्टनहून येणारे पाहुणे तिच्यात बसण्यासाठी रांग लावू लागले. गावकऱ्यांना दातांसाठी आता बर्लिंग्टनला जावं लागतं, आणि तिथे चार महिन्यांनंतरची वेळ मिळते. पण एकूण गाव आनंदात होतं.

अशा वेळी अर्लीन थिबो यांची दाढ दुखू लागली.

थिबोबाई म्हणजे शाळेच्या बसच्या ड्रायव्हर. निवृत्त झाल्या, पण आवाज निवृत्त झालेला नाही. गावातली चाळिशीच्या आतबाहेरची सगळी माणसं त्यांच्या बसमधून शाळेत गेली आहेत आणि अजूनही त्या दिसल्या की आपोआप सरळ बसतात. बाई बिअर पीत नाहीत. कॉफी पितात, तीही घरी.

गालाला मफलर बांधून त्या एका शनिवारी 'अक्कलदाढ'मध्ये गेल्या. जागा गच्च भरलेली होती.

"कर्टिस, दाढ बघ."

"बाई, मी ते काम सोडलं."

"दाढेला तसं कळवलं नाहीस."

कर्टिस ओशाळला. टाकीची वाफ, ग्राहकांची गर्दी, सगळ्यात वेळ काढणं कठीण होतं. त्याने त्यांना त्या खुर्चीत बसवलं आणि हातात एक पेला दिला. 'दुसरं मत' नावाची त्याची आंबट बिअर, बर्फासारखी गार. "एवढं तोंडात धरा. बधिर होईल. गर्दी ओसरली की बघतो."

बाईंनी औषध म्हणून घोट घेतला. गार आंबट बिअर थेट नसेवर गेली. त्यांचा एक डोळा मिटला, गाल थरथरला, हात जबड्याकडे गेला, उघड्या डोळ्यातून पाण्याचा एक थेंब ओघळला आणि तोंडातून लांबलचक "हं" निघाला.

शेजारी बोस्टनचे एक बिअर-समीक्षक बसले होते. (भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालतात, त्यावरून ओळखायचे.) त्यांनी फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं : 'या घोटाने तिला तिचं सबंध आयुष्य आठवलं.'

पुढच्या शनिवारी गाड्यांची रांग पुलापर्यंत गेली.

कर्टिस वाईट माणूस नाही. त्याने बाईंना दाढ बघायला पुन्हा बोलावलं होतं आणि बघायचं त्याच्या मनातही होतं. पण आधी, "थंड कितपत लागतंय ते कळायला हवं," म्हणून एक घोट घ्यायला लावला. तपासणी म्हणून हे शास्त्राला धरूनच आहे. ती खिडकीत, साठ माणसांसमोर करावी असं मात्र शास्त्रात नाही. मग गर्दी झाली, मग उशीर झाला, मग पुढचा शनिवार ठरला. असे बरेच शनिवार गेले. बाई दर वेळी येत. दुखणाऱ्या माणसाला आशा फार असते.

दरम्यान गावाची भरभराट झाली. उरलेल्या सहा भट्ट्यांचीही पिंपं रिकामी होऊ लागली. उतरायच्या खोल्या मिळेनात. बाईंच्या मुद्रेचे टी-शर्ट निघाले. बाई मात्र पेज आणि मऊ पुडिंगवर आल्या आणि झोप गेल्यामुळे अंगणातल्या खारींशी मोठ्याने बोलू लागल्या.

शेवटी बर्लिंग्टनहून त्यांना फोन आला : रद्द झालेली एक वेळ आहे, गुरुवारी या. ही बातमी गावात पसरली आणि पंचांनी तातडीची ग्रामसभा बोलावली. विषय पत्रिकेवर एकच होता : 'श्रीमती थिबो यांची खालची डावी दाढ : जतन व संवर्धन.'

शाळेच्या सभागृहात एवढी गर्दी मी नव्या रस्त्याच्या वेळीही पाहिली नव्हती. चर्चा उच्च पातळीवर झाली. एका वकिलाने सांगितलं की दाढ खाजगी मालकीची असली तरी तिची वेदना आता सार्वजनिक झाली आहे. भूमितीच्या मास्तरांनी फळ्यावर आलेख काढून दाखवला. अध्यक्ष मर्ल गूडेल, म्हणजे अग्निशमन ठाण्यातल्या भट्टीचा मालक, समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, कायमचं कोण म्हणतंय? फक्त पानगळ संपेपर्यंत. ऑक्टोबरात लाल-पिवळी झालेली पानं बघायला लोक येतात, तेवढा हंगाम निघू द्या."

थिबोबाई उठल्या. सगळे सरळ बसले.

"मर्ल," त्या म्हणाल्या, "गिरणीच्या वळणावर तुला रोज मळमळायचं. रोज मी बस थांबवायची. तुझं डोकं धरून रस्त्याच्या कडेला उभी राहायची. मागे पोरं आरडाओरडा करायची, शाळेची घंटा चुकायची. मी तुला कधी म्हटलं का, की शुक्रवारपर्यंत कळ काढ?"

मर्लने चष्मा काढून पुसला. मागच्या रांगेत दोघीतिघी डोळे टिपत होत्या. वातावरण अत्यंत हृद्य होतं. मग मतदान झालं आणि ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. डोळे टिपणाऱ्यांनी दुसरा हात वर केला होता. (मी मत दिलं नाही. क्लार्कने फक्त हात मोजायचे असतात. या पदाचं हे मोठं सुख आहे.)

हात वर न करणाऱ्यांत कर्टिस होता. बाई मफलर गुंडाळत बाहेर पडल्या तसा तो मागोमाग गेला. मी दाराशी होतो, त्यामुळे ऐकलं.

"बाई, गुरुवारपर्यंत थांबायला नको. सकाळी या."

"घोट नाही घेणार हं."

"घोट नाही."

सकाळी त्याने दाराला 'बंद' अशी पाटी लावली आणि दिवा धरायला मला बोलावलं. हत्यारं त्याने टाकली नव्हती. स्वच्छ करून, कापडात गुंडाळून, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या पोत्यांमागच्या कपाटात जपून ठेवली होती. दोन टाक्यांच्या मधे बाई खुर्चीत बसल्या. "तोंड उघडा बाई. टोचेल थोडंसं. झालं," तो म्हणाला, आणि त्या आवाजात असं काही होतं, की माझाही आवळलेला जबडा सैल पडला. थोड्याच वेळात दाढ बशीत होती. बाईंनी जिभेने रिकामी जागा चाचपली, बराच वेळ कर्टिसकडे बघितलं आणि अर्ध्या बधिर तोंडाने जेवढं हसता येतं तेवढं हसल्या.

कर्टिसने तोंड फिरवलं आणि उगाच नळ सोडून हात धुवायला लागला. हात धुऊन झाले होते.

जखम भरल्यावर थिबोबाईंनी 'दुसरं मत' पुन्हा चाखून पाहिलं. या वेळी आपणहून. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आंबट आहे," एवढं म्हणून पेला खाली ठेवला. हल्ली मंगळवारी कर्टिस दात बघतो. गावकरी येताना पाय ओढतच आत येतात, पण जाताना हसतात.

पंचांना चिंता होती ती हंगामाची. ती अनाठायी ठरली. बाईंची खुर्ची रिकामी झाली, तरी पाहुणे येतच राहिले आणि पहिल्या घोटाला ती मुद्रा स्वतःच करू लागले : एक डोळा मिटून, जबड्याला हात लावून, शेवटी लांब "हं" करून. कोणाचीही दाढ दुखत नव्हती. मी मुद्दाम चौकशी केली. आजवर चेहरा न हलवता पिऊन गेलेला पाहुणा एकच, आणि तो पत्ता विचारायला आत आला होता.

तुम्हीही कधीतरी याल. खरा प्रकार काय होता ते आता तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे येताना गालातल्या गालात हसत याल. मग पेला समोर येईल, शेजारच्या टेबलावरचे लोक तुमच्याकडे बघतील, आणि तुम्ही घोट घ्याल. डोळा कोणताही मिटला तरी चालतो. बहुतेक लोक डावा मिटतात.