आबांचा अर्धा तास

आबा केळुसकरांच्या देखत शिंकायचं नाही, हे भांडुपच्या आमच्या बैठ्या चाळीत खोली घेतली त्याच संध्याकाळी मला शेजाऱ्यांनी बजावलं होतं. मी मुंबईच्या कचेरीत नोकरी करणारा, शिकलेला माणूस. असल्या इशाऱ्यांना मी कसला भीक घालतो? दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी शिंकलो. मागं वळतो तो एक उघडाबंब, पांढऱ्या मिशांचा म्हातारा माझी जीभ बघायला मागत होता.

आबांनी जन्म काढला गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर. म्हणजे माणसाच्या शरीराबद्दल त्यांना जेवढं कळायला हवं, तेवढंच कळत होतं. पण नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी चाळीमागची पडीक पट्टी साफ केली, कुंपण घातलं आणि अडुळसा, निर्गुडी, गुळवेल, कोरफड असं जे हाती लागेल ते लावलं. त्या बागेला ते ‘माझो दवाखानो’ म्हणत. दारूबंदीचे दिवस होते. आबांच्या हातातल्या बाटल्या बघून एकदा एका हवालदाराला संशय आला. त्यानं एक बूच उघडून वास घेतला आणि नाकाला रुमाल लावून तो जो निघाला, तो पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही.

नुसता काढा असता तर तो मोरीत ओतून मोकळं होता आलं असतं. पण आबांच्या मते काढा हा उपचाराचा किरकोळ भाग. “रोग अंगात नाय रे, मनात आसता,” हे त्यांचं पालुपद. मनातला रोग काढायचा उपाय असा, की नेमून दिलेल्या झाडासमोर बसायचं आणि आपलं दुखणं त्याला मोठ्यानं सांगायचं. मनातल्या मनात सांगितलेलं चालत नसे. “झाड कोणाक सांगणा नाय,” अशी ते हमी देत. झाड कशाला सांगेल? कुंपणाला लागून सात खोल्यांच्या मागच्या खिडक्या होत्या. चाळीतलं सगळं गुपित त्या बागेत दुपारी तीन ते पाचमध्ये उघड्यावर पडे, आणि त्या वेळात बायका मागच्या खोलीत तांदूळ निवडायला बसत.

सावित्रीवहिनींचं डोकं दुखे म्हणून त्यांना अडुळसा नेमून दिला होता. त्यांच्या सासूबाईंचे सांधे धरत म्हणून त्यांना निर्गुडी. एके दिवशी दोघींची वेळ एक आली. अडुळशापाशी सून सासूबद्दल सांगतेय आणि चार हातांवर, निर्गुडीच्या आड, सासू सुनेबद्दल. थोड्या वेळानं दोघी गप्प झाल्या. मग झाडांना मध्ये न घेता थेट सुरू झाल्या. त्या दिवशी जे काही बोलून झालं, त्यानंतर वहिनींचं डोकं दुखायचं खरंच थांबलं. आबांनी ते श्रेय अडुळशाला दिलं.

मला सगळ्यात खटके तो अर्धा तास. दोन पानं तोडून हातावर ठेवायला कितीसा वेळ लागतो? पण नाही, अर्धा तास बसायलाच हवं. एक मिनिट आधी उठलात तर काढा लागू पडत नाही म्हणायचे. आणि बसायच्या सगळ्या जागा एकाच कोपऱ्यात, जिथं एका सपाट दगडावर काकू, म्हणजे आबांची बायको, पाठ करून बसलेल्या असत. त्या तण उपटत, सुकली पानं वेचत. कधी अवाक्षर बोलत नसत. आबा इतकं बोलतात तर या बिचारीला संधी कुठून मिळणार, असा विनोद मी केला होता. लोक हसले होते.

लोक हसतात हे कळलं की माझ्यासारख्या माणसाला चेव येतो. चाळीच्या गणपतीत नकलांचा कार्यक्रम असे. त्या वर्षी मी उघड्या अंगानं, कापसाच्या मिशा लावून उभा राहिलो. समोर कुंडी ठेवली आणि चाळीतल्या एकेकाचं दुखणं त्याच्या त्याच्या आवाजात कुंडीला सांगितलं. रविवारच्या रविवारी खिडकीतून ऐकलेलं सगळं कामी आलं. मंडप हसून हसून आडवा झाला. आबा पहिल्या रांगेत होते, तेही मांडीवर थापा मारून हसत होते. मी खूश होतो. ढोंग उघडं पाडलं, असं मला वाटत होतं.

गणपती गेले आणि बाग ओस पडली. आपण काय बोललो ते सगळ्यांनी ऐकलंय, हे आता सगळ्यांना कळलं होतं. त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायची कोणाची प्राज्ञा नव्हती. माझी नक्कल इतकी लागू पडली याचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

पंधरवड्यानं एका रविवारी सकाळी आबा माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. चौकटीला धरून उभे राहिले आणि विचारलं, “तुका काय दुखता काय रे?”

मी ठणठणीत आहे म्हणालो. त्यांचा चेहरा पडला.

मग त्यांनी खाली बघत जे सांगितलं, ते मला आजही सुखानं आठवता येत नाही. त्यांची एकुलती मुलगी तापानं गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. काकू त्या दिवसापासून बोलल्या नव्हत्या. दुखवट्याला लोक दहा दिवस आले. नंतर कोण येणार? न बोलणाऱ्या बाईजवळ बसायला माणसं अवघडतात. “औषध म्हटला काय येतत,” आबा म्हणाले. “अर्धो तास बसतत, बोलतत. तिच्या कानार माणसाचा बोलणा पडता. माका झाडपाल्यातला काय कळता रे? तुझी नक्कल बरी होती. मी पण हसलंय. पण आता कोण येणा नाय.”

मला माझीच लाज वाटली.

त्या दुपारी मला पोटदुखी झाली. पुढच्या रविवारी पाठ धरली. अडुळशासमोर बसून मी कण्हायचो, कचेरीतल्या साहेबाला शिव्या घालायचो, गावच्या गोष्टी सांगायचो. खिडक्यांमागं पहिल्यांदा खसखस पिकली. मग सावित्रीवहिनी आल्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांच्या सासूबाई. काकूंची पाठ मात्र तशीच आमच्याकडे.

दिवाळी होऊन गेली होती. त्या रविवारी मी झाडाला उजव्या गुडघ्याचं रडगाणं ऐकवत होतो. आबा काढ्याचा पेला घेऊन माझ्याकडे येत होते. तेवढ्यात दगडावरून, वळून न बघता, बारीक घोगरा आवाज आला.

“गेल्या आयतवाराक डावो होतो.”

मी गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसलो. आबा वाटेतच उभे राहिले होते. माझ्यासाठी आणलेला काढा त्यांनी तोंडाला लावला, एका दमात संपवला आणि रिकाम्या पेल्याकडे बघत राहिले.

“खूब कडू आसा रे,” ते मला म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते.