वरच्या खणाचा उजवा स्टॉपर

रत्नागिरीत नाचणे रोडला राहणाऱ्या सगुणा पिलणकरांचं उजवं मनगट अंगणातल्या चिऱ्यावरून पाय घसरल्यामुळे मोडलं, आणि त्यामुळे त्या घरात भांडी घासण्याचा विषय प्रथमच धोरणात्मक पातळीवर चर्चेला आला. तोवर सकाळची भांडी झाडगावातून येणारी तुळसा घासायची आणि रात्रीची सगुणाबाई. त्यांचे यजमान आत्माराम पिलणकर हे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि या विषयाकडे आजवर तटस्थपणे पाहत आले होते.

चर्चेत तीन पर्याय निघाले. तुळसाला संध्याकाळीही बोलवावं. आत्मारामांनी स्वतः भांडी घासावीत. किंवा ठाण्याला नोकरीला असलेल्या मुलानं, दर्शननं, काही दिवस आईजवळ येऊन राहावं. दुसरा पर्याय मांडला गेला तेव्हा कुणी हसलं नाही, कारण तो कुणाला ऐकूच आला नाही. तिसरा दर्शननं फोनवरच निकालात काढला.

"आई, मी येऊन किती दिवस राहणार? त्यापेक्षा कायमची सोय करतो," तो म्हणाला आणि भांडी धुण्याचं यंत्र पाठवून दिलं.

यंत्र आलं. ते चंदेरी होतं, बंद झालं की गाणं म्हणायचं आणि दर्शनच्या मोबाइलशी त्याचा थेट संबंध होता. आत्माराम जेव्हा कधी ते चालवत, तेव्हा ठाण्यात दर्शनला कळायचं. आईची खुशाली आता आईला न विचारता समजू लागली. दर्शन म्हणाला, "आता तुळसाबाईंची गरज नाही. माणसाला रजा लागते, यंत्राला नाही."

हे वाक्य आत्मारामांना पटलं. त्यांनी स्वतः आयुष्यात एकही रजा वाया घालवली नव्हती. त्यांनी तुळसाला साडी-नारळ दिला आणि शासकीय निरोपसमारंभात करतात तसं छोटं भाषण केलं. दर्शन शाळेत होता तेव्हापासून तुळसा या घरात होती. तिनं भाषण ऐकून घेतलं, यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि सगुणाबाईंना म्हणाली, "काकी, हाताला जपा. मी गणपतीपुळ्याला एका होम-स्टेत जातंय कामाला. पर्यटक लोक काय, एका चमच्याला धा वाट्या लावतात. तितं काम हाय."

सगुणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्र तेवढ्यात बंद झालं आणि गाणं म्हणायला लागलं, त्यामुळे ते पाणी कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंत्राला दोन खण होते. खालच्यात पातेली, वरच्यात कप-बश्या आणि काचेच्या वाट्या. खण म्हणजे चाकांच्या जाळ्याच. दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यांना कंपनी 'रेल' म्हणायची आणि आत्माराम सुताराप्रमाणे 'चॅनेल'. चॅनेलवरून जाळी पुढे येणार, आणि टोकाला बसवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टॉपरला अडून थांबणार. स्टॉपर उघडला की अख्खी जाळी काढून हातात घेता यायची.

एके दुपारी सगुणाबाईंनी डाव्या हातानं वरची जाळी ओढली आणि उजव्या बाजूचा स्टॉपर टक्कन तुटला. जाळी थांबली नाही. ती कप-बश्यांसह बाहेर आली. सगुणाबाईंनी सवयीनं मोडका हात पुढे केला. काचेच्या वाट्या फरशीवर फुटल्या आणि नुकतंच जुळत आलेलं मनगट पुन्हा पट्ट्यात गेलं.

आत्मारामांनी कंपनीला फोन केला. बरंच संगीत ऐकल्यावर मृणाली नावाची मुलगी बोलू लागली. आवाज इतका गोड होता की आत्मारामांना आपण तक्रार करतोय याची लाज वाटली.

"वरची जाळी चॅनेलवरून निसटून बाहेर येते," ते म्हणाले.

"सर, या मॉडेलमधला वरचा रॅक रिमूव्हेबल आहे. तो बाहेर येतो."

"अहो, पण तो आपोआप येतो!"

"म्हणजे विनासायास. ही सुविधा फक्त प्रीमियम ग्राहकांसाठी आहे, सर."

"माझ्या बायकोचा हात दुखावलाय."

"ऐकून वाईट वाटलं. मॅडमच्या हाताची वॉरंटी आमच्याकडे नाही, पण रॅकची आहे. रॅकला काही झालंय का?"

रॅकला काही झालं नव्हतं. रॅक सगुणाबाईंच्या हातावर पडला होता. तरीही आत्मारामांनी लावून धरलं, तेव्हा मृणालीनं तंत्रज्ञ पाठवायचं कबूल केलं.

विनोद नावाचा तंत्रज्ञ आंबा घाट उतरून कोल्हापुरातून आला. माणूस मनमिळाऊ होता. त्यानं चहा घेतला, सगुणाबाईंच्या हाताची चौकशी केली आणि यंत्रासमोर उकिडवा बसला.

"रॅक एकदम ओके हाय, काका," तो म्हणाला. "रेलबी ओके हाय."

"स्टॉपर तुटलाय."

"त्येच तर सांगतो की. रॅक म्हंजे सुटा भाग. सुट्या भागांचं काम माझ्याकडं. रेल म्हंजे मूळ यंत्र. त्याचा माणूस वेगळा. आता स्टॉपर रेलवर बसलेला असतो, तवा तो रेल. निघाला की सुटा भाग."

"मग आता निघालाय ना? म्हणजे तुमच्याकडे!"

"निघाला नाही काका, तुटला. तुटून फरशीवर पडला की ती गिऱ्हाइकाच्या ताब्यातली वस्तू."

आत्माराम थक्क झाले. एवढं निर्दोष वर्गीकरण त्यांनी महसूल खात्यातही पाहिलं नव्हतं. गायरान, गावठाण आणि देवस्थान यांच्या मधोमध पडलेल्या जमिनीला त्यांनी एका शेतकऱ्याला पाय लावू दिला नव्हता. पण तिथे निदान एक नाला तरी होता. इथे माणसाच्या नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर तीन खात्यांच्या सीमा मिळत होत्या. पश्चात्ताप वगैरे त्यांना झाला नाही. पण आपण चुकीच्या ठिकाणी नोकरी केली, असं मात्र वाटून गेलं.

"मोबाइलवर ओटीपी आला असंल बघा," विनोद म्हणाला. "मी येऊन गेलो एवढ्याचाच हाय. द्या."

त्यांनी ओटीपी दिला. विनोद घाट चढायच्या आतच संदेश आला: 'आपली तक्रार आपल्या पूर्ण समाधानानिशी निकाली निघाली आहे.'

"निकाली निघाली?" सगुणाबाई म्हणाल्या. "म्हणजे काय झालं?"

"म्हणजे आता ती नाही," आत्माराम म्हणाले. हे अव्वल कारकुनाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यांनी पुन्हा फोन केला. निकाली निघालेली तक्रार पुन्हा उघडायची, तर एकदा दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा बिघडल्याचा पुरावा लागत होता. आणि दुरुस्त तर झालीच नव्हती. मात्र मृणालीनं सदिच्छा म्हणून एक स्टॉपर कुरिअरनं पाठवला. तो डावा होता.

"उजवा हवाय," आत्माराम म्हणाले.

"सर, तो उजवाच आहे. यंत्राच्या बाजूनं पाहिल्यास."

"यंत्र माझ्याकडे तोंड करून उभं आहे."

"कारण आपण त्याच्यासमोर उभे आहात. आपण यंत्राच्या मागे जाऊन बघावं."

"मागे भिंत आहे!"

"भिंतीबाबत आपण आपल्या गवंड्याशी संपर्क साधावा, सर. तोवर वरचा रॅक वापरताना एका प्रौढ व्यक्तीनं उजव्या बाजूनं आधार द्यावा."

ही जबाबदारी साहजिकच आत्मारामांकडे आली. रोज जेवणं झाली की ते यंत्रापुढे पाट मांडून बसत आणि सगुणाबाई डाव्या हातानं जाळी ओढत असताना उजव्या टोकाला तळहात लावून ती अडवत. आयुष्यभर त्यांनी फायली अडवल्या होत्या. त्या कामाला गुडघे लागत नव्हते. आठवडाभरात त्यांची कंबर धरली. मग वरचा खण बंद ठेवून सगळं खालच्या खणात घालून पाहिलं. पाणी वरच्या भांड्यांपर्यंत पोचेना. बांगड्याच्या तिखल्याची पातेली धुऊन निघाल्यावर चहाच्या कपांनाही बांगड्याचा वास येऊ लागला. मोरीत भांड्यांचा ढीग साचला. आत्मारामांनी कुणी बघत नाही असं पाहून घासणी हातात घेतली आणि पहिल्याच दिवशी कढईचा दांडा काढून ठेवला.

"दर्शनला सांगूया का?" सगुणाबाईंनी विचारलं.

"काय सांगणार? त्यानं एवढ्या प्रेमानं पाठवलंय."

"मग वापरायचंच नाही."

ते शक्य नव्हतं. एक दिवस यंत्र चाललं नाही, तर ठाण्याहून फोन आला. "बाबा, मला ॲपवर दिसलं, आज मशीन लावलं नाहीत. आई बरी आहे ना?"

"बरी आहे. भांडीच पडली नाहीत," आत्माराम घाईघाईनं म्हणाले.

"जेवला नाहीत?"

आत्मारामांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून यंत्र रिकामंच चालू होऊ लागलं. ते आत काही नसताना अतिशय स्वच्छ धूत असे आणि नंतर गात असे.

शेवटी दोघं एसटीनं गणपतीपुळ्याला गेले. देवदर्शन आधी केलं, म्हणजे तुळसाकडे आलो असं होऊ नये. मग सहज म्हणून होम-स्टेच्या मागच्या अंगाला गेले. तुळसा उसाच्या रसाचे पेले विसळत होती. तिनं सगुणाबाईंचा पट्ट्यातला हात पाहिला, पदराला हात पुसले आणि त्यांना खुर्ची दिली. आत्मारामांना दिली नाही.

"काकी, अजून हात बांदलेलाच? मशीन हाय ना?"

"मशीननंच केलं हे," सगुणाबाई म्हणाल्या आणि इतक्या दिवसांचं सगळं सांगून टाकलं. तुळसा कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हंजे काका खण धरून बसतात?" ती म्हणाली आणि इतकी हसली की आतून मालक डोकावला.

"तू परत ये," आत्माराम म्हणाले. "मात्र एक अडचण आहे. यंत्र रोज लागायला पाहिजे. दर्शनला कळतं."

"मंग मी काय करायचा?"

"तू भांडी घास. मग ती यंत्रात लाव. यंत्र धुवेल. मग काढ आणि पूस."

तुळसानं थोडा विचार केला. "म्हंजे भांडी घासायची, लावायची, काढायची, पुसायची. आदी एक काम व्हता, आता चार. वर त्या खणाला धरायचा."

"वरच्या खणाला हात लावायचा नाही," सगुणाबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "कुणीच नाही. मी सांगते."

आत्मारामांनी बायकोकडे पाहिलं. संसारात प्रथमच त्यांच्यापुढे एक आदेश आला होता आणि त्यावर अभिप्राय मागितलेला नव्हता.

तुळसा आली. पण तिच्या अटींवर: दोन्ही वेळच्या भांड्यांना वेगवेगळा पगार, चहा खुर्चीत बसून, आणि काकांनी भाषण करायचं नाही. पिलणकरांच्या घरातली भांडी आता दोनदा धुतली जाऊ लागली. सगुणाबाईंचा हात हळूहळू बरा होत गेला आणि ठाण्यात दर्शनला रोज रात्री समाधान वाटू लागलं. त्या समाधानाच्या भरात त्यानं इंटरनेटवर यंत्राला पाच तारे दिले आणि लिहिलं: 'रत्नागिरीत माझे आईवडील एकटे राहतात. या मशीनमुळे आईचा हात बरा झाला. प्रत्येक मुलानं घ्यावं असं प्रॉडक्ट.'

ते वाचून शेजारचे हरिश्चंद्र मयेकर संध्याकाळी आले. त्यांचा मुलगा दुबईला. ओटीवर चहा झाला. आतून तुळसाच्या घासणीचा आवाज येत होता.

"खरं सांग आत्माराम," हरिश्चंद्र हळूच म्हणाले, "मुलगा पाठवतो म्हणतोय. घेऊ काय रे?"

सगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आत्मारामांनी ते मनात जुळवलंही. मग त्यांना दिसलं की हे वाक्य एकदा बोललं की नाचणे रोडवर फसलेला माणूस एकटा आपण उरणार.

"घे," ते म्हणाले. "डोळे मिटून घे."

सगुणाबाई आत गेल्या. हरिश्चंद्रांनी घेतलं. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. महिन्याभरानं मासळी बाजारात भेट झाली तेव्हा आत्मारामांनी विचारलं, "काय, मशीन कसं आहे?"

हरिश्चंद्रांनी सौंदाळ्याच्या वाट्याकडे पाहत क्षणभर विचार केला. "एकदम मस्त," ते म्हणाले.

आज त्या गल्लीत अशी बरीच यंत्रं आहेत, आणि सगळी एकदम मस्त आहेत. कुणीतरी खरं बोलायला हवं होतं, असं आता तुम्ही म्हणाल. अवश्य म्हणा. फक्त आधी तुमच्या घरातल्या त्या चालण्याच्या यंत्रावरचे वाळत घातलेले टॉवेल काढा, आणि ते कसं आहे असं परवा पाहुण्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत, ते आठवून बघा.