मामांचं तपकिरी सलून

रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि मामांचं सलून रस्त्यात येत असल्याचं कार्यालयाच्या निदर्शनास आलं. वास्तविक सलून होतं तिथंच होतं, रस्ताच त्याच्या अंगावर येत होता. पण जे जागचं हलत नाही, त्यालाच सरकारी भाषेत अडथळा म्हणतात. सूट फक्त जुन्या वास्तूंना होती, आणि जुनेपणाचा पुरावा म्हणून छायाचित्र लागणार होतं.

गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या माना मामांनी खाली वाकवल्या होत्या. कार्यालयातल्या साहेबांपुढे मात्र ते स्वतःच मान वाकवून उभे राहिले. त्यांनी उद्घाटनाच्या दिवशीचा फोटो पुढे केला.

"हा रंगीत आहे," साहेब म्हणाले.

"हो साहेब. दारात उभी आहे ती माझी बायको. आता नाही ती."

"वाईट झालं. पण रंगीत म्हणजे नवीन. जुने फोटो तपकिरी असतात." आणि दिशाभूल करणारा पुरावा म्हणून साहेबांनी तो फोटो ठेवून घेतला.

घरात तिचा तेवढाच एक फोटो होता. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगी मोबाईल घेऊन सलूनमध्ये आली. खुर्चीत पाववाला बसला होता, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. तिनं वस्तरा धरलेल्या मामांसकट फोटो काढला, फोटो जुना करून देणाऱ्या एका वेबसाइटवर चढवला आणि तिथल्या वर्षांच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"बाबा, किती जुनं करू?"

"बेतानं कर. साहेबांना झेपेल इतपत."

तिनं बोट सरकवलं. पाववाल्याचा चहा थंड व्हायच्या आत सलून शंभर वर्षांचं झालं.

तो फोटो पाहून साहेब खुर्चीतून उठले. "काय काळ होता," ते हळूच म्हणाले. भिंतीवर लोंबणाऱ्या मोबाईलच्या चार्जरची त्यांनी 'तत्कालीन दिवा' अशी नोंद केली. सलून वाचलं.

आठवड्याभरात जतन विभागाचे निरीक्षक आले. वास्तू छायाचित्राबरहुकूम राखणं बंधनकारक होतं, म्हणून भिंती, खुर्ची आणि कंगवे तपकिरी रंगवण्यात आले. पाववाल्यानं रोज अर्ध्या गालाला फेस लावून बसायचं ठरलं.

"उरलेली दाढी कधी व्हायची?" पाववाल्यानं विचारलं.

"पूर्ण केली तर इतिहास बदलेल," निरीक्षक म्हणाले.

मामांनी सवयीनं वस्तरा उचलला, तर निरीक्षकांनी त्यांचा हात धरला. "आपण कोण?"

"फोटोतला कारागीर. मीच तो."

"तो वारला. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस हयात कसा असेल? त्याच्या नावानं वस्तरा चालवणं ही तोतयेगिरी आहे."

"मग हा पाववाला?"

"ते प्रदर्शनातली वस्तू आहेत. त्यांचं वेगळं."

वस्तरा काचेच्या पेटीत गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, खरं सांगून टाकू." दोघं साहेबांकडे गेली आणि फोटो खोटा असल्याचं मामांनी कबूल केलं. साहेब दुखावले. "तो पाहून आमच्या वरिष्ठांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोट्या फोटोनं येतं का कधी?" तरीही माणुसकी म्हणून त्यांनी मामांना त्याच सलूनमध्ये झाडू मारायची परवानगी दिली. केस कुणाचे कापले जात नसल्यानं कामही फारसं नव्हतं.

आता रविवारी लोक रांग लावून येतात, काचेतला वस्तरा पाहून हळहळतात. परवा एक सुशिक्षित जोडपं आलं होतं. बाईंनी डोळे टिपले. "किती साधी माणसं होती ना. आता कुठं दिसतात अशी?"

"तुमच्याकडं नाही का असं सलून?" मामांनी विचारलं.

"होतं की, अगदी घरासमोर," गृहस्थ म्हणाले. "फार चांगला माणूस. पण गाडी लावायला अडचण व्हायची. तो उठावा म्हणून आमच्या अख्ख्या इमारतीनं सह्या दिल्या, तेव्हा कुठं हलला." मग त्यांनी मोबाईल वर धरला. "आजोबा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."