चपला काढून लिहिलेले ट्रिगर

आमच्या ऑफिसातले वासुदेवकाका चपला काढल्याशिवाय डेटाबेसला हात लावत नाहीत. टेबलाखाली जोडी दिसली की समजायचं, काका आत गेलेत, आता हाक मारून उपयोग नाही.

काका काचीगुड्याचे, चार पिढ्यांचे हैदराबादी. मी पुण्याहून आले तेव्हा त्यांचं नकोऐवजी "नक्को" आणि होऐवजी "हौ" ऐकून याला मराठी म्हणायचं की काय, असं वाटलं होतं. पण ट्रिगरच्या भाषेबद्दल माणूस भलताच सोवळा. डेटाबेसमध्ये नोंद पडली की आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ट्रिगर. तो डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत लिहिता येतो, नाहीतर आम्हा सगळ्यांना येणाऱ्या पायथनमध्ये. आम्ही पायथनचं नाव काढलं की काका म्हणायचे, "नक्को. ज्याचं घर, त्याची भाषा." वर्षभर त्यांनी आमचं डोकं खाल्लं. शेवटी साहेब कंटाळले आणि हुकूम सुटला: पायथनमधले सगळे ट्रिगर काढा, पायथन सर्व्हरवरूनच जाणार. काकांनी ऑफिसभर उस्मानिया बिस्किटं वाटली.

काढायचं काम माझ्या गळ्यात. शोधताना एक जुना पायथनचा ट्रिगर सापडला, तोही डेटाबेसमधल्या काकांच्याच सरावाच्या तक्त्यावर. म्हटलं, लोकां सांगे ब्रह्मज्ञान! हसत हसत त्यांना दाखवायला गेले.

काका हसले नाहीत. म्हणाले, निखिलचा आहे.

निखिल त्यांचा मुलगा. कॉलेजात असताना इथं शिकायला आला होता. त्याला पायथन तेवढं यायचं, मराठी तर वाचताही येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. काकांनी त्या तक्त्यात काहीही टाईप केलं की त्याचा ट्रिगर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत विचारायचा, "बाबा, जेवलात का?" काका रोज एक वाजता एक अक्षर टाईप करून मगच डबा का उघडतात, ते मला तेव्हा कळलं. माझ्या हसण्याची मलाच लाज वाटली.

मी म्हटलं, हेच डेटाबेसच्या घरच्या भाषेत लिहून देते, अगदी तस्संच चालेल.

"नक्को. तू लिहिलंस तर विचारणार तू." मग चष्मा पुसत म्हणाले, "नियम माझाच ना गं. काढ."

मी काढला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता काकांनी सवयीनं एक अक्षर टाईप केलं आणि पडद्याकडे बघत बसले. चपला पायातच होत्या. न राहवून मी माझ्या जागेवरून विचारलं, "काका, जेवलात का?"

"हौ," ते म्हणाले. डबा तसाच बंद होता.